साद अल-शाझली: नायक की गुन्हेगार?

अर्धवट_वाचक

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धावर सध्या हाताला लागेल ते वाचतोय. इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात, युद्धमंत्री अहमद इस्माईल, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मुबारक ही नावं सगळीकडे भेटतात. पण सुएझ कालवा ओलांडण्याचा विषय निघाला की मध्येच एक नाव डोकावतं, लेफ्टनंट जनरल साद अल-शाझली, आणि दोन ओळींत दिसेनासं होतं. एके ठिकाणी ते त्या योजनेचे शिल्पकार, दुसरीकडे ऐन लढाईत हातपाय गाळलेले सेनापती, तिसरीकडे लष्करी गुपितं फोडली म्हणून तुरुंगात गेलेले. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या?

युद्धात ते इजिप्तचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे सैन्याचे सर्वोच्च अधिकारी, होते एवढं कळलं. पण युद्ध संपल्यावर दोन महिन्यांच्या आत त्यांना काढलं, हे काही डोक्यात बसत नाही. जिंकलेल्या लढाईचा सेनापती कोणी काढतं का? जाणकारांनी जरा विस्तारानं लिहावं.

तिरपागडा

निवृत्त जनरलांची एक जमात असते. "माझं ऐकलं असतं तर जिंकलो असतो" असं पुस्तक लिहितात. हे त्यातलेच एक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना_सॅपर

तिरपागडे, तुमच्याकडे नंतर येतो. आधी मूळ प्रश्न.

माझी नोकरी लष्कराच्या इंजिनियर्समध्ये, म्हणजे सॅपर म्हणून झाली आणि तिचा बराच भाग पाण्यावर पूल टाकण्यात गेला. त्यामुळे शाझलींकडे मी जरा पक्षपाती नजरेनं बघतो. रणगाडेवाला माणूस हेच सगळं वेगळं सांगेल.

जन्म १ एप्रिल १९२२, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या घर्बिया प्रांतातलं शुब्रातना गाव. १९४० मध्ये, अठराव्या वर्षी, अधिकारी झाले. काही वर्षं राजे फारुक यांच्या रॉयल गार्डमध्ये काढली. १९५४ मध्ये इजिप्तची पहिली पॅराशूट बटालियन त्यांनी उभी केली. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत तुकडी घेऊन काँगोला गेले. तिथे ब्रिगेडियर अहमद इस्माईल अली यांच्याशी त्यांचं असं काही वाजलं की ते दोघांना जन्मभर पुरलं. ही भानगड ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मग लंडनच्या वकिलातीत लष्करी प्रतिनिधी (अताशे), येमेनमध्ये ब्रिगेड कमांडर, वगैरे वगैरे.

खरा माणूस दिसतो तो जून १९६७ मध्ये. तेव्हा ते मेजर जनरल. सिनाईत त्यांच्या हाताखाली सुमारे दीड हजारांची मिश्र तुकडी, थोडे कमांडो, थोडे रणगाडे. ५ जूनला सकाळीच इस्रायलच्या हल्ल्यात इजिप्तचं हवाई दल जमिनीवर संपलं आणि त्यांचा मुख्यालयाशी संपर्क तुटला. मागे फिरायचं तर उघडं वाळवंट आणि डोक्यावर इस्रायली विमानं. मग हे पुढे गेले. सीमा ओलांडून इस्रायलच्या हद्दीत सुमारे पाच किलोमीटर आत शिरले आणि दोन टेकड्यांच्या बेचक्यात तुकडी दडवून बसले. इजिप्तचं सैन्य शोधणारी विमानं सिनाईत घिरट्या घालत होती, नेगेवच्या त्या घळीत कोण बघणार? शेवटी संपर्क झाला, माघारीचा आदेश मिळाला, तेव्हा अंधाराचा फायदा घेत अख्खी सिनाई आडवी पार करून तुकडी कालव्यापार आणली. त्या आठवड्यात इजिप्तच्या बहुतेक तुकड्या बूट-बंदुका टाकून पळाल्या होत्या. ही तुकडी शिस्तीत, बरीचशी शाबूत परतली.

१६ मे १९७१ ला सादातांनी कितीतरी ज्येष्ठांना मागे ठेवून त्यांना चीफ ऑफ स्टाफ केलं. आदल्याच दिवशी सादातांनी आपल्या विरोधकांची धरपकड केली होती, आणि शाझली त्यांच्या कुठल्या गटात नव्हते. तोही एक गुणच ठरला असावा.

आता योजना. तेव्हा कैरोत मोठमोठ्या आकांक्षा चालू होत्या: १९६७ मध्ये इस्रायलनं घेतलेली सगळी सिनाई एका दमात परत घ्यायची, गाझापर्यंत जायचं. शाझलींनी आधी आपल्याकडे काय नाही त्याची यादी केली. हवाई दल दुबळं. विमानविरोधी सॅम क्षेपणास्त्रं चांगली, पण बहुतेक जागेला खिळलेली. ती कालव्याच्या पूर्वेला जेमतेम दहा-बारा किलोमीटरपर्यंत छत्र धरणार. म्हणून त्यांचं म्हणणं: कालवा ओलांडा, पूर्व काठावरची इस्रायलची ठाण्यांची बार-लेव्ह फळी मोडा, दहा-बारा किलोमीटर आत जा, आणि तिथे खंदक खणून बसा. इस्रायलला येऊ द्या अंगावर. त्यांना लांबलेली लढाई परवडत नाही, माणसं गमावणंही परवडत नाही. मितला आणि गिद्दी या खिंडी त्याच्याही पुष्कळ पुढे. तिकडे जायचं नाव काढायचं नाही.

लोक याला भित्रेपणा म्हणाले. मला यात फार दुर्मिळ गोष्ट दिसते: स्वतःच्या सैन्याचं खरं माप माहीत असलेला सेनापती.

कालव्याचं गणित आता जरा सविस्तर सांगतो, कारण इथे माझा जीव रमतो. रुंदी १८० ते २२० मीटर. दोन्ही काठ काँक्रीटनं बांधलेले, म्हणजे पाण्यात-जमिनीवर चालणारं वाहनही वर चढू शकत नाही. भरती-ओहोटीनं दक्षिणेला सुएझपाशी पाणी दोन मीटरपर्यंत वरखाली होतं आणि प्रवाह दर सहा तासांनी दिशा बदलतो. ज्यानं पाँटून (तरंगत्या पुलाचे तुकडे) जोडलेत त्याला विचारा याचा अर्थ काय ते! त्यावर पलीकडच्या काठाला इस्रायलनं उभारलेला वाळूचा बांध, काही जागी वीस मीटर उंच. रणगाडा जाईल एवढी एक वाट पाडायची तर साधारण दीड हजार घनमीटर वाळू हलवायची. स्फोटकं आणि बुलडोझर लावून पाहिले, पाच-सहा तास लागत होते. तेवढ्यात इस्रायली रणगाडे येऊन उभे राहणार.

उत्तर सापडलं ते पाण्यात. आस्वानच्या उंच धरणाच्या कामावर वाळू पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं हलवत. तिथे काम केलेले इंजिनियर अधिकारी बाकी झाकी युसुफ यांनी ती कल्पना लष्करात मांडली. शाझलींचं श्रेय इतकंच, आणि ते कमी नाही, की त्यांनी ती उचलली, आधी ब्रिटिश पंप मागवले, नंतर त्याहून जोरकस जर्मन पंप, आणि नाईलच्या फाट्यांवर बांध उभारून इंजिनियरांकडून पुन्हा पुन्हा सराव करून घेतला. दोन्ही पंप मिळून वाट दोन तासांत पडू लागली.

मग आला शाझलींचा निर्देश क्रमांक ४१. मोठ्या मुख्यालयांतून खाली येणारे कागद सहसा "शत्रूचा नायनाट करावा" छापाचे असतात. हा तसा नव्हता. कोणत्या होडीत कोण बसेल, कोणत्या लाटेत जाईल, पाठीवर काय असेल, पलीकडे उतरल्यावर दोराची शिडी कोण बांधेल, सगळं लिहिलेलं. पायदळाला रणगाड्यांशिवाय बारा ते चोवीस तास तग धरायचा होता. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो, शिवाय रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं, खांद्यावरून डागायची विमानविरोधी स्ट्रेला. तेवढ्यानंही भागेना, म्हणून हातानं ओढायच्या चाकाच्या छोट्या गाड्या बनवल्या, दोन जणांनी दोरानं ओढायच्या, प्रत्येकीवर सुमारे दीडशे किलो दारूगोळा. अशा दोन हजारांहून जास्त गाड्या. क्षेपणास्त्रांच्या युगात निर्णायक सामग्री काय, तर ढकलगाडी!

६ ऑक्टोबर १९७३, दुपारी दोन. दोनशेहून जास्त विमानं, दोन हजार तोफा, आणि त्या धुरळ्यात ७२० रबरी होड्यांतून पहिले चार हजार सैनिक. रात्री साडेदहापर्यंत इंजिनियरांनी बांधात साठ वाटा पाडल्या होत्या, आठ जड आणि चार हलके पूल टाकले होते, ३१ तराफे चालू होते. साडेआठ तासांत! कालव्यावर इजिप्तच्या दोन आर्मी होत्या, उत्तरेला दुसरी आणि दक्षिणेला तिसरी. तिसऱ्या आर्मीच्या भागात वाळूत माती जास्त, तिचा चिखल झाला आणि तिथे काम रखडलं. ते कागदावर कुणाला दिसलं नव्हतं. नियोजकांना हजारो मृत्यूंची भीती होती. शाझलींनी आठवणींत दिलेला पहिल्या टप्प्यातल्या मृतांचा आकडा २८० आहे.

त्याच तिसऱ्या आर्मीच्या इंजिनियरांचे प्रमुख अहमद हमदी १४ ऑक्टोबरला पुलावरच काम करताना मारले गेले. सुएझजवळ कालव्याखालून जाणाऱ्या बोगद्याला त्यांचं नाव आहे. सॅपरच्या नावाचा बोगदा कुठे असेल तर मी सांगितल्याशिवाय राहत नाही, माफ करा.

पुढचं संध्याकाळी लिहितो.

नाईलकाठ

सॅपरकाका, झकास. कामानिमित्त मी काही वर्षं कैरोत होतो. आमच्या साइटवर एक म्हातारा फोरमन होता, तो त्या युद्धात सक्तीच्या भरतीत पायदळात होता. त्याला राजकारण विचारलं की गप्प बसायचा, पण या गाड्यांचा विषय निघाला की सुरू. चाकं वाळूत रुतायची, दोर खांद्याला कापायचा, सगळे मनातल्या मनात शिव्या घालायचे. दुसऱ्या दिवशी इस्रायली रणगाडे आल्यावर मात्र शिव्या बंद झाल्या, असं हसत सांगायचा.

कैरोत सलाह सालेम रस्त्यावर ऑक्टोबर युद्धाचा पॅनोरमा आहे, १९८९ मध्ये उत्तर कोरियाच्या मदतीनं उघडलेला. युद्धातल्या ऑपरेशन्स रूमचा एक प्रसिद्ध फोटो आहे, सादात मध्ये, एका बाजूला अहमद इस्माईल, दुसऱ्या बाजूला शाझली. मुबारकांच्या काळात तिथे जे चित्र लावलं होतं त्यात शाझलींच्या जागी मुबारक! मुबारक १९७३ मध्ये हवाई दलप्रमुख होते, त्यामुळे एरवी त्यांना असल्या उसनवारीची गरजही नव्हती. तर धागाकर्ते, नाव दोन ओळींत का दिसेनासं होतं त्याचं एक उत्तर हे.

जुना_सॅपर

नाईलकाठ, ढकलगाडीवाला माणूस प्रत्यक्ष भेटला म्हणजे नशीबवान आहात.

तर काढलं का. याची मुळं काँगोत, पण फळं आली १४ ऑक्टोबरला.

आधी मुळं. काँगोतल्या भांडणानंतर १९६९ मध्ये अहमद इस्माईल चीफ ऑफ स्टाफ झाले, तेव्हा शाझली राजीनामा देऊन सरळ घरी गेले होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नासर यांना मध्ये पडावं लागलं. पुढे ऑक्टोबर १९७२ मध्ये सादातांनी युद्धमंत्री सादेक यांना काढलं आणि त्या जागी आणलं कोणाला? अहमद इस्माईलना. एकमेकांशी धड न बोलणारे दोन जण, एक मंत्री, एक चीफ ऑफ स्टाफ. माझा तर्क असा की सादातांना ते सोयीचं होतं. सैन्याच्या डोक्यावरची दोन माणसं एक झाली की राष्ट्राध्यक्षांची झोप उडते, हे फारुकांना १९५२ मध्ये बाहेर काढणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीच एक असलेल्या सादातांना कोणी शिकवायला नको होतं.

आता १४ ऑक्टोबर. पहिल्या आठवड्यात सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. इस्रायलचा ८ ऑक्टोबरचा प्रतिहल्ला पायदळाच्या क्षेपणास्त्रांपुढे मोडला होता. तिकडे इजिप्तबरोबरच युद्धात उतरलेला सीरिया गोलान टेकड्यांवर मार खात होता आणि इजिप्तनं पुढे सरकावं असा दबाव होता. १२ तारखेला सादातांनी खिंडींकडे हल्ला वाढवायचा निर्णय दिला. शाझलींनी विरोध केला: सॅमच्या छत्रीबाहेर रणगाडे काढले की विमानं फाडून खातील. दुसऱ्या आर्मीचे साद मामून आणि तिसऱ्या आर्मीचे अब्देल मोनेम वासेल, दोघांचंही हेच मत. निर्णय राजकीय आहे, असं उत्तर मिळालं.

हल्ल्यासाठी पश्चिम काठावरचा राखीव चिलखती फौजफाटा, २१ वी आणि ४ थी आर्मर्ड डिव्हिजन, यांतला बराच भाग पूर्वेला नेला. १४ तारखेच्या सकाळी हल्ला झाला आणि दुपारपर्यंत सुमारे अडीचशे रणगाडे गेले. मामूनना त्याच दिवशी हृदयविकाराचा झटका आला.

अडीचशे रणगाडे हा आकडा सगळे सांगतात. मला त्याहून वाईट वाटते ती दुसरी गोष्ट: पश्चिम काठ मोकळा पडला. १५-१६ च्या रात्री इस्रायली जनरल शेरॉनच्या सैन्यानं दोन आर्मींच्या मधल्या फटीतून, ग्रेट बिटर लेकच्या उत्तरेला डेव्हरसॉयरपाशी कालवा ओलांडला. पलीकडे त्यांना थोपवायला जवळपास काही नव्हतं. शाझलींनी १६ तारखेला सांगितलं, ४ थी आर्मर्ड डिव्हिजन आणि २५ वी ब्रिगेड पश्चिमेला परत घ्या आणि मग फट बुजवा. सादात भडकले, कोर्ट मार्शलची धमकी दिली. २५ व्या ब्रिगेडला पूर्व काठानंच उत्तरेकडे धाडलं आणि १७ तारखेला ती तळ्याकाठी सापळ्यात सापडून संपली. २० तारखेला शाझलींनी पुन्हा मागणी केली, चार चिलखती ब्रिगेड पश्चिमेला आणा. उत्तर: एक सैनिकही मागे येणार नाही. २४ तारखेपर्यंत सुएझ शहर आणि तिसऱ्या आर्मीचे सुमारे ४५००० लोक वेढले गेले होते.

डिसेंबर १९७३ मध्ये त्यांना पदावरून काढून लंडनला राजदूत केलं, नंतर पोर्तुगालला. फेब्रुवारी १९७४ मध्ये संसदेत युद्धवीरांना पदकं दिली, त्यात हे नव्हते. १९७८ मध्ये सादातांनी इस्रायलशी केलेल्या कॅम्प डेव्हिड करारावर उघड टीका केली, पद गेलं आणि अल्जीरियात आश्रय घेतला. तिथून आठवणी छापल्या. १९८३ मध्ये, म्हणजे मुबारकांच्या राजवटीत, लष्करी न्यायालयानं त्यांच्या गैरहजेरीत तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. परवानगी न घेता पुस्तक छापलं हा आरोप त्यांनी मान्य केला, गुपितं फोडल्याचा नाही. मार्च १९९२ मध्ये स्वतःच्या पायांनी कैरो विमानतळावर उतरले, तिथेच अटक झाली आणि लष्करी तुरुंगात गेले. तेव्हा वय सत्तरीला टेकलेलं.

तिरपागडा

काका, पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. पण दुसरी बाजूही येऊ द्या.

सादातांचा २० तारखेचा नकार इतका मूर्खपणाचा नव्हता. सहाच वर्षांपूर्वी, ६ जून १९६७ ला, इजिप्तचे तेव्हाचे सेनाप्रमुख फील्ड मार्शल आमेर यांनी "मागे या" म्हटलं आणि अख्ख्या सैन्याची पळापळ झाली. पूर्व काठावरच्या सैनिकानं आपले रणगाडे मागे जाताना पाहिले असते तर त्याला काय वाटलं असतं? शिवाय पूर्व काठावरची जमीन हेच वाटाघाटीतलं एकमेव नाणं होतं. ऑपरेशन्सचे प्रमुख जनरल गमासी यांनीही आपल्या आठवणींत या मुद्द्यावर शाझलींची बाजू घेतलेली नाही.

जुना_सॅपर

बरोबर, गमासी या मुद्द्यावर सादातांच्या बाजूनं आहेत. पण त्याच गमासींची दुसरी साक्षही घ्या. शाझली १९ तारखेला आघाडीवरून कोसळलेल्या अवस्थेत परतले, असं सादातांनी लिहिलं आणि धागाकर्त्यानं वाचलेले ते "हातपाय गाळलेले सेनापती" तिथूनच आले. गमासींनी ते साफ नाकारलं. म्हणजे जो माणूस माघारीच्या प्रश्नावर विरुद्ध बाजूला होता, त्यानंच ही बदनामी खोडून काढली. अशी साक्ष मी जास्त वजनाची धरतो.

अर्धवट_वाचक

दोघांचेही आभार, हे असं एकत्र कुठेच मिळालं नव्हतं. एकच विचारतो. त्या चार ब्रिगेड खरंच परत आणता आल्या असत्या का? काका, पुलांचा माणूस म्हणून सांगा.

जुना_सॅपर

प्रश्न चांगला आहे. चार ब्रिगेड म्हणजे काही शे रणगाडे आणि त्यांच्यामागचं सगळं लटांबर. शाझली चोवीस तासांत आणू म्हणत होते. तोवर त्यांचे पूल रोज बॉम्बखाली होते, तुकडे बदलून, जागा हलवून चालवले जात होते. पश्चिम काठावर शिरलेल्या इस्रायली रणगाड्यांनी सॅमचे तळ एकेक करून मोडायला घेतले होते, त्यामुळे छत्रीलाच भोकं पडली होती. रात्री, दोन-तीन पुलांवरून, वाहतूक काटेकोर राखली तर काम होण्याजोगं होतं. सोपं मुळीच नव्हतं. शत्रूच्या नजरेखाली उलट दिशेनं पूल ओलांडणं हे सॅपरच्या धंद्यातलं सर्वांत ओंगळ काम.

मी त्या खोलीत असतो तर १६ तारखेला विचारही न करता हो म्हटलं असतं. तेव्हा पलीकडे शत्रूचे मूठभर रणगाडे तराफ्यांवरून उतरले होते, त्यांचा पूलही पडायचा होता. २० तारखेला हो म्हणताना माझाही हात थरथरला असता.

तिरपागडा

म्हणजे २० तारखेला सादात बरोबर होते. मान्य करून टाका.

जुना_सॅपर

नाही करणार. २० तारखेला नकार दिल्यावर तिसऱ्या आर्मीचं काय होणार हे नकाशावर दिसत होतं, आणि झालंही तेच. नंतर त्या ४५००० लोकांना पाणी आणि अन्न पोचायला इस्रायलची परवानगी लागायची. वाटाघाटीतलं नाणं म्हणता ना, त्यातलं निम्मं तर तिथेच समोरच्याच्या खिशात गेलं.

नाईलकाठ

शेवट राहिला, तो लिहून टाकतो. शाझली १० फेब्रुवारी २०११ ला कैरोत वारले, तेव्हा मुबारकांविरुद्धच्या निदर्शकांनी तहरीर चौक भरलेला होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अंत्यविधी झाला आणि त्याच संध्याकाळी मुबारकांनी पद सोडलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी त्यांच्या कुटुंबीयांना नाईलचा सर्वोच्च सन्मान दिला. त्याच वेळी तो सादातांच्या कुटुंबीयांनाही दिला, म्हणजे या धाग्यावरचं भांडण सरकारी पातळीवरही मिटवलेलं नाही.

तिरपागडा

दोघांनाही दिला? मग मी आणि काका दोघंही बरोबर. चला, गमासींच्या आठवणी कुठे मिळतील ते सांगा.